उसनं सायकस

दोन हजार चोवीस साल, कार्तिक महिना. पाऊस एकदाचा सरला होता आणि थंडीचा अजून पत्ता नव्हता. शेट्ये मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "मामा, मधलं सायकस गेटजवळ हलवायचं आहे."

मी म्हटलं, "हलणार नाही."

एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून जुने किस्से आठवायला लागले. किस्से पाचोळ्यासारखे असतात. सकाळी झाडून ढीग लावावा, दुपारी बघावं तर तेवढेच पुन्हा पडलेले. पाचोळा मी खड्ड्यात टाकतो, त्याचं खत होतं. किस्से कुठे टाकणार? सांगूनच मोकळं व्हायचं.

मी अंधेरीच्या एका कॉलेजात माळी. चौथी पास. बॉटनी डिपार्टमेंटची बाग माझ्याकडे. नोकरीतून सुटलो, बागेतून सुटलो नाही. नवीन माणूस नेमलेला नाही, म्हणून मलाच रोजावर बोलावतात. पोरं, मास्तर, ऑफिसवाले सगळे मला मामा म्हणतात. सख्या म्हणणारे दोघंच उरलेत. त्यातला एक डिपार्टमेंटचा लॅब अटेंडंट, वेसाव्याचा कोळी. त्याला सगळे नाखवा म्हणतात. दुसऱ्याचं पुढे सांगतो.

बागेत कुठलं झाड कुठे बसेल हे मी ठरवत नाही. साहेब लोक ठरवतात. झाडांची कुळं असतात. कोण कोणाचा भाऊ, कोणाचं कोणाशी रक्ताचं नातं, ह्यावरून परदेशात दोन-तीनशे वर्षं भांडण चालू आहे. एक साहेब एक पद्धत काढतो, दुसरा ती मोडतो. तिकडे निकाल फिरला की इकडे कुदळ माझ्या खांद्यावर!

*

बाग आखली करंदीकर सरांनी. ते पहिले हेड. आता नाहीत. दोन इंग्रज साहेबांनी मिळून एक पद्धत काढली होती, तिच्याप्रमाणे त्यांनी वाफे पाडले. आधी सुट्या पाकळ्यांची झाडं. मग जोडलेल्या पाकळ्यांची. मग पाकळ्या नसल्यासारखी. अगदी शेवटी केळ, गवत, कांदा, लिली. आणि ह्या सगळ्यांच्या बरोबर मधे सायकस.

सायकस दिसायला बुटक्या माडासारखं, पण माडाशी त्याचा संबंध नाही. फूल नाही, पाकळी नाही, फळ नाही. फार जुनं झाड, डोंगरांच्या वयाचं, असं सर म्हणायचे.

मी विचारलं, "सर, एवढं जुनं असेल तर सगळ्यांच्या पुढे पाहिजे. मधे कशाला?"

"पुस्तकात मधे आहे."

"पुस्तक चुकलं असेल."

"चुकलंच आहे," सर म्हणाले. "सगळ्या जगाला माहीत आहे. पण परीक्षेत हेच येतं!"

*

ह्याच सरांनी मला पहिल्या साहेबाची गोष्ट सांगितली. तो त्या दोन इंग्रजांच्याही आधीचा, थंडीच्या मुलखातला. त्याने सोपा उपाय काढला. फूल उघडायचं, आतले केसर मोजायचे, आकड्यावरून झाडाचा वर्ग ठरवायचा. एक केसराचे एकीकडे, दोन केसरांचे दुसरीकडे.

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, "केस मोजून कूळ ठरवायचं? मग माझ्या डोक्यावरचे मोजा आणि सांगा माझं कूळ."

सरांनी चष्म्यावरून माझ्या डोक्याकडे नीट पाहिलं.

"मामा, तुमचं कूळ दर महिन्याला बदलेल!"

तेव्हापासून मी टोपी घालतो.

*

आता सायकसचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सरांनी लावलेलं पहिलं सायकस पहिल्याच पावसात कुजलं. मधला वाफा सखल होता, पाणी साठलं. तपासणी तोंडावर आलेली आणि बागेच्या बरोबर मधे भोक. सर कपाळाला हात लावून बसले.

उपनगरातल्या कॉलेजांच्या माळ्यांमध्ये एक रीत आहे. झाड विकत आणायचं म्हणजे अर्ज, कोटेशन, मंजुरी, सही. तोवर हंगाम निघून जातो. म्हणून आम्ही झाडं उसनी देतो, उसनी घेतो. शेजारणी साखर देतात-घेतात तसं. कागद नाही. पण नियम कडक. उसनं घेतलेलं न मागता परत करायचं नाही. न मागता परत करणं म्हणजे तोंडावर फेकणं. ज्याने दिलं त्याचं मेलं तर तो मागायला येतो, त्या दिवशी काही न बोलता द्यायचं. पिल्लू घेतलं असेल तर पिल्लूच. आणि उसनं झाड मालकाला विचारल्याशिवाय जागेवरून हलवायचं नाही.

मी बस पकडून घाटकोपरला गेलो. तिथल्या कॉलेजात गोविंद गावडे माळी होता. मालवणकडचा. मला सख्या म्हणणारा दुसरा तो हाच. त्याच्या सायकसच्या बुंध्याला पिल्लं आली होती. त्याने एक पिल्लू काढून दिलं आणि बोट दाखवून म्हणाला, "ह्या उसना आसा हां, सख्या. माझा मेला काय मागूक येतलंय."

मी म्हटलं, "ये."

झालं. एवढाच करार.

पिल्लू गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. कंडक्टरने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मामा, अननसाचं वेगळं तिकीट पडेल!"

बागेत आल्यावर मी आधी मधला वाफा दगडविटांनी उंच केला, मग पिल्लू लावलं. तेच आज मधे उभं आहे. माझ्या छातीला लागतं.

*

करंदीकर सरांनंतर सामंत सर आले. वाचन दांडगं. त्यांना इंग्रज साहेब जुने वाटले. त्यांनी जर्मन पद्धत आणली. तिच्यात साधी झाडं आधी, नटवी नंतर. त्यामुळे मागे बसलेलं गवत एकदम पुढे आलं, पहिल्या रांगेत, गेटपाशी.

मी सबंध उन्हाळा माती उपसली. नाना जातींची गवतं नीट रांगेत लावली. पाटी लावायची तेवढी बाकी होती. सोमवारी येऊन बघतो तर वाफा साफ! जमीन झाडून पाणी मारलेलं.

शनिवारी प्राचार्य गेटमधून आत आले होते. गवत बघून म्हणाले होते, "बॉटनीवाल्यांना माळी कशाला दिलाय?" आणि साफसफाईवाली माणसं बोलावून सगळं उपटून घेतलं होतं.

सामंत सर तणतणत केबिनमध्ये गेले. बाहेर आले ते पाय ओढत. नाखव्याने विचारलं, "काय झाला सर?"

"प्राचार्य म्हणाले, जर्मनीत चालत असेल. अंधेरीत गेटवर गुलाब पाहिजेत."

*

ह्याच सामंत सरांनी सायकस गेटजवळ हलवायचा पहिला हुकूम काढला.

मी म्हटलं, "उसनं आहे. मालकाला विचारावं लागेल."

"मालक कोण?"

"घाटकोपरचा गावडे."

"तो कोण? ट्रस्टी?"

"माळी."

सर लाल झाले. "मामा, बाग कॉलेजची, जागा कॉलेजची, पगार तुम्ही कॉलेजचा घेता. आणि झाडाचा मालक घाटकोपरचा माळी?"

"हो."

"लेखी द्या."

"मला लिहायला वेळ लागतो," मी म्हटलं. "तोवर तुम्ही रिटायर व्हाल."

झाले!

*

पण जाण्याआधी त्यांनी अजून एक पुस्तक वाचलं. त्यातल्या साहेबाचं म्हणणं असं, की लाकडाची झाडं एका बाजूला, मऊ देठाची रोपं दुसऱ्या बाजूला. मग बाकी सगळं. म्हणजे बागेची सरळ वाटणी. भाऊ इकडे, भाऊ तिकडे, मधे माझी पायवाट.

कागदावर साग गेला लाकडाकडे. तुळस गेली रोपांकडे.

मला राग आला. "तुळशीला लाकूड नाही म्हणता? मग माळकऱ्यांच्या गळ्यात काय प्लास्टिक आहे?"

सर म्हणाले, "मामा, अपवाद असतात."

"अपवाद तुम्ही पुस्तकात ठेवा. मला खणायला सांगू नका."

तरी खणलं. नोकरी होती. तुळस मात्र मी हलवली नाही. तिचा कट्टा सिमेंटचा आहे असं सांगितलं. तेव्हा तो मातीचा होता. सर बघायला येईपर्यंत मी सिमेंट करून घेतला.

नाखवा खिडकीतून सगळं बघत होता. जेवायच्या सुट्टीत डबा उघडून म्हणाला, "सख्या, तुझ्या सायबांना एवढी वर्षा जमला नाय, ता आमच्या बायका रोज बाजारात करतान. आमच्यात दोनच कुळा. ओला म्हावरा न् सुका म्हावरा!"

"आणि आज ओला विकला गेला नाही तर?"

"मग उद्या कूळ बदलतंय!"

*

एक तपासणी कमिटीचा किस्सा. मधल्या काळात हेडची जागा रिकामी होती. कमिटी आली तेव्हा बाग दाखवायला कोणी नाही, म्हणून मलाच उभं केलं. चार जण, सुटाबुटात, घाम पुसत.

त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "बागेची रचना कोणत्या पद्धतीची आहे?"

आता मी काय सांगणार? इंग्रज पद्धतीवर जर्मन, जर्मनवर वाटणी, आणि त्यात प्राचार्यांचे गुलाब. मी माझी पद्धत सांगितली.

"तीन कुळं आहेत. आपलं, उसनं आणि ढापलेलं."

बाकीचे तिघं हसले. हा हसला नाही. म्हणाला, "ढापलेल्यात काय आहे?"

मी कुंपणावरची वेल दाखवली. "हे कृष्णकमळ. चेंबूरच्या एका कॉलेजच्या कुंपणावरून फांदी तोडून आणली."

"कोणत्या कॉलेजच्या?"

मी नाव सांगितलं.

तो म्हणाला, "मी तिथला प्राचार्य आहे."

नाखवा मागे सरकला. मी वेलीकडे बघून म्हटलं, "मग जवळ येऊन बघा. आमच्याकडे जास्त फुललंय!"

शेरा चांगला मिळाला. का, ते मला कोणी सांगितलं नाही.

*

शेट्ये मॅडम ह्याच कॉलेजच्या. पहिल्या वर्षाला होत्या तेव्हा चिखलात चप्पल रुतवून रडल्या होत्या. चप्पल मी काढून दिली होती. आता हेड आहेत. हुशार बाई. कडक. चूक असली तर तोंडावर सांगतात. मला अशी माणसं परवडतात.

त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "मामा, आता पाकळ्या नाही, केसर नाही, देठ नाही. आता झाडाच्या पेशीत बघायचं. डीएनए. माणसाचं बापपण तपासतात ना, तसं झाडांचं तपासलंय. आता भांडण मिटलं."

मी म्हटलं, "माणसांत तपासल्यावर भांडण सुरू होतं."

तेच झालं. कोण कुठल्या कुठे निघाला! पपई, शेवगा आणि मोहरी एका गोतातले निघाले. सावर आणि भेंडी एका कुळातली. आणि कमळ, जे इतकी वर्षं वॉटर लिलीच्या शेजारी एका टाकीत गुण्यागोविंदाने राहत होतं, त्याचा तिच्याशी संबंधच नाही. त्याचा जवळचा नातेवाईक कोण, तर सिल्व्हर ओक!

आमचा सिल्व्हर ओक तिसऱ्या मजल्याच्या वर गेलेला आहे. कमळाची टाकी सिमेंटची. मी मॅडमना विचारलं, "झाड टाकीत घालू की टाकी झाडावर चढवू?"

मॅडमनी शांतपणे टाकीला एक पाटी लावली. नातेवाईक तिकडे. आणि बाण.

पोरांनी फोटो काढले. मी तोंड वाकडं केलं. "एक पाण्यात, एक आभाळात. हे कसले नातेवाईक?"

त्याच वर्षी जूनमध्ये वारा सुटला. सिल्व्हर ओकची भलीमोठी फांदी मोडली आणि बरोबर कमळाच्या टाकीत येऊन पडली. मी फांदी ओढत असताना मॅडम वरच्या गॅलरीतून ओरडल्या, "राहू द्या हो मामा! पहिल्यांदाच भेटायला आलाय!"

तिथे मी हरलो. मान्य आहे.

*

अमरवेलीच्या बाबतीत मात्र मी हरलो नाही.

अमरवेल म्हणजे पिवळी दोरी. मूळ नाही, पान नाही. दुसऱ्या झाडाला विळखा घालून फुकट खाते. एके सकाळी मला ती मेंदीवर दिसली. उपटली, जाळली.

दुपारी मॅडम धावत आल्या. "मामा, प्रॅक्टिकलला ठेवली होती ती! उद्या परीक्षा आहे!"

"ती मेंदी खात होती."

"अहो, ती रताळ्याच्या कुळातली आहे. चांगल्या घरातली आहे!"

"चांगल्या घरातलीच जास्त फुकट खातात," मी म्हटलं.

मॅडमनी डोक्याला हात लावला. मग आम्ही दोघं रिक्षा करून जोगेश्वरीला गेलो, एका कुंपणावरची अमरवेल तोडून आणली. मॅडमनी पिशवी धरली, मी तोडली. परत येताना रिक्षात मॅडमनी विचारलं, "मामा, ही आता कुठल्या कुळात?"

"ढापलेल्या."

*

आता यंदाचं.

मॅडमनी डीएनएच्या हिशोबाने सगळी बाग नव्याने आखायला घेतली. कमिटी येणार होती, पण मॅडमना कमिटीचं पडलं नव्हतं. त्यांना मनापासून बाग बरोबर करायची होती. बाकी सगळं मी हलवलं. गुडघे दुखत होते तरी हलवलं. राहिलं ते सायकस. फूल न येणारी झाडं सगळ्यात आधी, म्हणून त्याची जागा गेटपाशी.

गेटजवळची जमीन सखल आहे. पावसात तिथे घोट्याएवढं पाणी उभं राहतं. पहिलं सायकस पाण्यानेच कुजलं होतं. इतकं मोठं झालेलं उपटायचं, मुळं तोडायची, आणि त्या डबक्यात नेऊन घालायचं. ते जगणार नाही. कूळ बरोबर होईल, झाड मरेल.

आमच्या बागेत दर वर्षी तुळशीचं लग्न लागतं. ऑफिसच्या बायका, नाखव्याची बायको, पोरं, सगळे येतात. कट्ट्यावर तुळस सजवतात. नाखवा ऊस आणतो. ऊस तुळशीचा मामा, तो तिच्या पाठीशी उभा करायचा. यंदा तो ऊस बांधत होता आणि मॅडम म्हणाल्या, "नाखवा, ऊस मामा कसा होईल? ऊस गवताच्या कुळातला. तुळशीचं रक्ताचं नातं सागाशी. दोघं एकाच कुळातले. खरा मामा तो."

सगळ्यांनी वळून सागाकडे पाहिलं. साग पलीकडे कंपाउंडच्या कोपऱ्यात.

नाखवा ऊस बांधतच राहिला. "असंल मॅडम. पन तो लग्नाला आलाय का? जो आला तो मामा!"

हसून हसून अंतरपाट धरलेल्या पोरांचे हात खाली आले. मॅडमही हसल्या. अक्षता पडल्या, चिरमुरे-बत्तासे वाटले. मग सगळ्यांसमोर मॅडम माझ्याकडे वळल्या.

"मामा, सायकसचं काय?"

"उसनं आहे."

"सामंत सरांनाही हेच सांगितलं होतंत. मी विद्यार्थी होते, मी ऐकलंय. अहो, माझ्यावर उपकार करा, एकदा तरी खरं कारण सांगा."

"हेच खरं आहे. आणि गेटजवळ पाणी साठतं. तेही खरं आहे."

"पाण्याचं मी बघेन. उसन्याचं काय करायचं?"

मला राग आला होता. चिरमुरे हातात होते, ते मी खाली ठेवले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ज्या दिवशी उसनं फिटेल, त्या दिवशी झाड आपलं. मग मी स्वतः पहार घेऊन हलवीन. कोणी सांगायची गरज नाही. तोवर ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही!"

"शब्द?"

"शब्द."

नाखवा माझ्या कानात म्हणाला, "गावड्या तर आता येनार नाय. भला बोललास!"

मलाही तसंच वाटलं होतं. गावडे कधीच निवृत्त झाला होता, दहिसरला मुलाकडे राहत होता. त्याच्या बागेत सायकसं कितीतरी होती. तो कशाला मागायला येतोय?

*

त्याच आठवड्यात गावडे आला.

सकाळी मी पाणी घालत होतो. गेटमधून काठी टेकत एक म्हातारा आत आला, वॉचमनने हटकलं तर त्यालाच चार शब्द सुनावले. आवाजावरून मी ओळखलं. पाइप खाली ठेवला.

"काय रे गोविंदा?"

"सख्या, जिवंत आसंस?"

"दिसतोय ना?"

"दिसना नाय रे," तो म्हणाला. "मोतीबिंदू. तुझी टोपी तेवढी दिसता."

त्याला बाकावर बसवलं. नाखव्याने चहा आणला. गावडेने बशीत ओतून फुर्रकन प्यायला. मग बशी खाली ठेवली.

"माझी बाग गेली," तो म्हणाला. "नवी बिल्डिंग झाली. खाली पार्किंग. सायकसा सगळी गेली. माका कोणी सांगूक पण नाय."

मी त्याची बशी उचलून बाजूला ठेवली.

"आता मागच्या अंगाक इतकीशी जागा सोडली हा." त्याने दोन्ही हातांनी जागा दाखवली. सुपाएवढी. "तिथली पोरगी, शिकवता ती, माका शोधीत दहिसराक इली. म्हणता, काका, पयल्या बागेतला कायतरी लावया. मी म्हटलंय, माझा एक अंधेरीक उसना आसा."

त्याने काठी उचलून माझ्याकडे केली.

"माझा मेला, सख्या. आता दी."

आमच्या सायकसने इतक्या वर्षांत पिल्लं धरली, पण पावसात गळून जायची. एकच टिकलं होतं. नारळाएवढं. बुंध्याच्या मागच्या बाजूला, पानांच्या खाली. वाकल्याशिवाय दिसत नाही. गावडेचे गुडघे वाकत नव्हते आणि डोळ्यांना टोपीशिवाय काही दिसत नव्हतं.

नाखव्याने मला बाजूला ओढलं. "सख्या, सांग त्याला, पिल्लू नाय. पुढच्या साली ये म्हन. त्याला काय दिसतंय? उसना फिटला तर तुला पहार धरावी लागंल. सगल्यांसमोर बोललायस."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहाचे कप उचलून निघून गेला.

खुरपं आणि पहार घेऊन मी मधल्या वाफ्यात शिरलो. पानं बाजूला बांधली. काट्यांनी हात सोलले. बुंध्याजवळची माती हाताने मोकळी केली. गावडे काठीच्या आधाराने वाफ्याच्या कडेला येऊन उभा राहिला होता, दिसत नसूनही बघत होता.

"मुळाक धरून काप," तो म्हणाला.

"मला शिकवू नको."

"आडवो काप नको मारू."

"गोविंदा, गप बस!"

गप बसला. पिल्लू सुटलं. मी त्याची पानं उतरवली, कापलेल्या जागी राख दाबली, आईच्या जखमेवरही दाबली. पिल्लू त्याच्या हातात दिलं. त्याने ते चाचपलं, नाकाशी नेलं.

"माझाच," तो म्हणाला.

"मग कोणाचं?"

वर गॅलरीत शेट्ये मॅडम उभ्या होत्या. कधीपासून, माहीत नाही.

गोणपाट शोधून आणलं आणि पिल्लू गुंडाळलं. गावडेचा हात धरून त्याला गेटपर्यंत नेलं. गेटच्या आत, सखल जागेत, सकाळीच विटांचा आणि दगडांचा ढीग येऊन पडला होता. मुरूमही होता. कोणी मागवला, मी विचारलं नाही. गावडेची काठी विटेला लागली, तो थांबला.

"ह्या काय?"

"वाफा उंच करायचाय."

"बरा."

वॉचमनने रिक्षा थांबवली. गावडे आत बसला. पिल्लू मांडीवर घेतलं, दोन्ही हात त्याच्याभोवती ठेवले.

उसनं फिटलं.